नीत्शे, त्याची बहीण आणि बाबासाहेबांचा आक्षेप

तुम्ही विचारलंय की जर्मन विचारवंत नीत्शे नाझींचा तत्त्वज्ञ होता का, आणि सगळं पाप त्याच्या बहिणीचं असेल तर बाबासाहेबांनी त्याच्यावर टीका का केली? प्रश्नाचा दुसरा भाग सहसा कोणी विचारत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहिणीचं आधी उरकतो. जानेवारी १८८९ मध्ये इटलीत तुरिनला नीत्शेचं मन ढासळलं ते पुन्हा सावरलंच नाही. २५ ऑगस्ट १९०० रोजी तो गेला. या मधल्या वर्षांतच त्याचं नाव युरोपभर झालं, आणि त्याचे कागद बहिणीच्या, एलिझाबेथच्या ताब्यात गेले. तिचा नवरा फॉर्स्टर कट्टर ज्यूद्वेष्टा. दोघांनी पॅराग्वेत ‘शुद्ध’ जर्मनांची वसाहत वसवायला घेतली होती. नीत्शेला या प्रकाराची चीड होती, आणि पत्रांतून त्याने बहिणीला ते स्पष्ट कळवलंही होतं. पुढे तिने त्याच्या पत्रांत फेरफार केले आणि १९०१ मध्ये वह्यांतली टिपणं निवडून ‘द विल टू पॉवर’ नावाने पुस्तक काढलं. पहिल्या आवृत्तीत ४८३ टिपणं होती, १९०६ च्या आवृत्तीत १०६७. त्या नावाच्या ग्रंथाचा बेत नीत्शेने स्वतःच १८८८ मध्ये सोडून दिला होता! १९३५ मध्ये ती वारली, तेव्हा अंत्यविधीला हिटलर हजर होता.

मी सुरुवात नेमकी याच पुस्तकापासून केली होती. रविवारी सकाळी कोल्हापुरात रंकाळ्यावर आम्ही चार-पाच जण जमायचो आणि त्यातली वाक्यं नीत्शेचा अंतिम शब्द म्हणून एकमेकांना वाचून दाखवायचो. कोल्ली आणि मॉन्तिनारी या दोन इटालियन अभ्यासकांनी मूळ वह्या तपासून १९६७ पासून नवी आवृत्ती काढली, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा सगळं पुन्हा वाचायला घेतलं.

आता बाबासाहेबांकडे येऊ. १९५० मध्ये नीत्शेचे अभ्यासक वॉल्टर कॉफमन यांच्या पुस्तकाने नीत्शेला नाझींपासून सोडवलं, ते योग्यच झालं. पण तेव्हापासून ‘बहिणीने केलं’ हे उत्तर जरा जास्तच सोयीचं झालंय, असं माझं मत आहे. बाबासाहेबांचा आक्षेप बहिणीच्या पुस्तकावर उभा नाही. तो ‘द अँटिख्राइस्ट’वर उभा आहे, आणि ते पुस्तक नीत्शेने १८८८ मध्ये शुद्धीवर असताना स्वतः लिहून पूर्ण केलं होतं. त्याच्या ५६ आणि ५७ व्या परिच्छेदांत तो मनुस्मृतीची तोंडभरून स्तुती करतो. जातींची उतरंड म्हणजे निसर्गाच्याच व्यवस्थेवर मारलेली मोहोर, असं म्हणतो. मनू त्याला जाकोल्यो नावाच्या फ्रेंच लेखकाच्या अत्यंत बेभरवशाच्या भाषांतरातून भेटला, हे खरं. ‘ट्वायलाइट ऑफ द आयडॉल्स’मध्ये चांडाळांवरचे निर्बंध आपल्या भावनेला कमालीचे विरोधी वाटतात असंही तो लिहितो, तेही खरं. तरीसुद्धा ५७ वा परिच्छेद पुसला जात नाही.

शाहू महाराजांचा १९०२ चा, नोकऱ्यांत मागासांसाठी पन्नास टक्के जागांचा हुकूम आपल्याकडे शाळकरी पोराला ठाऊक असतो. अस्पृश्यांची १९२० ची माणगाव परिषदही इथून हाकेच्या अंतरावर झाली. अशा गावात बसून तो परिच्छेद निव्वळ वाङ्मयीन आवेश म्हणून मला वाचता येत नाही.

‘फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम’ या लेखनात बाबासाहेब म्हणतात की जरथुष्ट्र, म्हणजे नीत्शेच्या ‘दस स्पोक झरथुस्त्र’ या पुस्तकाचा नायक, हे मनूचंच नवं नाव आहे. पण तिथेच थांबत नाहीत. नीत्शेचा महामानव गुणाने ठरतो, मनूचा जन्माने. म्हणून मनूचं तत्त्वज्ञान नीत्शेपेक्षाही किती तरी हीन, असा त्यांचा निवाडा आहे. विरोधकाचं माप इतकं काटेकोर घेणारी टीका मी नीत्शेवर फार कमी वाचलीय. हे लेखनही त्यांच्या हयातीत छापलं गेलं नव्हतं, महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात १९८७ मध्ये आलं. त्यामुळे मरणोत्तर म्हणजे संशयास्पद, असं सरसकट धरू नका. तिथे त्यांचा युक्तिवाद सलग त्यांचाच आहे, कोणी सुट्या टिपणांची माळ ओवलेली नाही.

तुम्ही वाचायला घेणार असाल तर ‘द विल टू पॉवर’ बाजूला ठेवा. ‘ऑन द जीनिऑलॉजी ऑफ मॉरल्स’ घ्या. १८८७ मध्ये त्याने स्वतः छापलेलं, आणि त्याचा युक्तिवाद सर्वांत सलग. मग ‘द अँटिख्राइस्ट’चे ते दोन परिच्छेद आणि तिसऱ्या खंडातली ती पानं शेजारी-शेजारी उघडून, एकाच बैठकीत वाचा. कुठे अडलात तर इथेच लिहा, मी बघतो.