इंग्रजीत ‘मायसेल्फ’, ‘हिमसेल्फ’ हे शब्द नेमके कुठे वापरावेत?

तुम्ही लिहिले आहे की तुमचे शिक्षण खानापूर तालुक्यात मराठी माध्यमातून झाले, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मुलाखतीच्या वेळी तुम्ही ‘मायसेल्फ अमुक पाटील’ अशी सुरुवात केली आणि समोरच्या साहेबांनी ‘आधी इंग्रजी सुधारा’ असे सुनावले. यात चुकले काय आणि हे शब्द वापरायचे कुठे, असे तुम्ही विचारता. मी बेळगावात इंग्रजीच्या शिकवण्या घेतो, आणि हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये नेहमीचाच आहे.

‘मायसेल्फ अमुक’ हे भारतभर ऐकू येते, त्यामुळे सीमाभागातल्या मराठी शाळांना त्याचा दोष देण्याचे कारण नाही. तरीही प्रमाण इंग्रजीत ते चालत नाही, कारण त्यात ना कर्ता आहे ना क्रियापद. ‘आय अ‍ॅम’ किंवा ‘माय नेम इज’ एवढे पुरते. माझ्या मते ही सवय मुलाखतीतल्या प्रश्नामुळेच लागते. ‘इंट्रोड्यूस युवरसेल्फ’ असे विचारले की उत्तरही ‘मायसेल्फ’नेच सुरू करावे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु प्रश्न आज्ञार्थी आहे, त्यात ‘यू’ हा कर्ता अध्याहृत आहे आणि ओळख करून देणारे व ज्याची ओळख द्यायची ते, दोन्ही तुम्हीच आहात, म्हणून तिथे ‘युवरसेल्फ’ योग्य ठरते. उत्तरात मात्र कर्ता म्हणून ‘आय’च हवा.

नियमाचे मूळ इथेच आहे: क्रिया करणारा आणि ती क्रिया ज्याच्यावर होते तो, हे दोघे एकच असतील आणि एकाच उपवाक्यात असतील, तेव्हा कर्माच्या जागी ‘सेल्फ’ येतो. ‘ही हर्ट हिम’ म्हटले तर त्याने दुसऱ्या कोणाला तरी इजा केली; ‘ही हर्ट हिमसेल्फ’ म्हटले तर इजा त्याची त्यालाच झाली.

आपली खरी अडचण अशी की मराठीतला ‘स्वतः’ एकटाच अनेक कामे करतो. मात्र त्याला लागलेला प्रत्यय पाहिला की गुंता बराच सुटतो. ‘मी स्वतः मशीन चालवतो’ या वाक्यात ‘स्वतः’ला प्रत्यय नाही, तो केवळ जोर देण्यासाठी आहे आणि काढून टाकला तरी वाक्य उभे राहते. इंग्रजीत त्याचे ‘आय मायसेल्फ ऑपरेट द मशीन’ किंवा, अधिक सहजपणे, ‘आय ऑपरेट द मशीन मायसेल्फ’ असे होते. क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये मात्र तो घुसवू नये. ‘स्वतःला’, ‘स्वतःशी’, ‘स्वतःवर’ असा प्रत्यय लागला की तो वाक्याचा आवश्यक भाग होतो. ‘मी स्वतःशीच बोलत होतो’ यातून ‘स्वतःशीच’ काढले तर अर्थच बदलतो, आणि इंग्रजीतल्या ‘टॉकिंग टु मायसेल्फ’चेही तेच आहे. ‘स्वतःचा’ आला की ‘सेल्फ’ विसरावा: ‘त्याने स्वतःचे दुकान काढले’ याला ‘हिज ओन शॉप’ म्हणतात.

याहून अवघड जागा ‘आपण’ची आहे. ‘सुपरवायझरने आपल्याला बोलावले, असे ऑपरेटर म्हणाला’ या वाक्यात ‘आपल्याला’ म्हणजे ऑपरेटरला, हे आपण सहज ओळखतो, म्हणजे मराठीतला ‘आपण’ उपवाक्याची हद्द ओलांडून बाहेरच्या कर्त्यापर्यंत पोहोचतो. कन्नडमधला ‘तानु’ही असाच पोहोचू शकतो, त्यामुळे दोन्ही भाषा कानावर घेत वाढलेल्या आपल्या भागातल्या मुलाला यात काही वेगळे आहे असे वाटतच नाही. इंग्रजीत मात्र ‘द ऑपरेटर सेड दॅट द सुपरवायझर हॅड कॉल्ड हिमसेल्फ’ असे लिहिले, तर सुपरवायझरने स्वतःलाच बोलावले, असा विचित्र अर्थ निघेल. तिथे साधे ‘हिम’ हवे. म्हणून ‘सेल्फ’ लिहिण्यापूर्वी त्याच उपवाक्यात त्याचा कर्ता सापडतो का, हे बोट ठेवून पाहावे.

कार्यालयीन पत्रांत आणखी एक प्रकार फार आढळतो: ‘मॅनेजर सर अँड मायसेल्फ अटेंडेड द मीटिंग’ किंवा ‘प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ’. हा शब्द अधिक अदबीचा वाटतो म्हणून लिहिला जातो, पण त्यात अदब काहीच नाही. पहिल्या वाक्यात ‘अँड आय’ आणि दुसऱ्यात इंग्रजीतला ‘मी’ (me, म्हणजे ‘मला’) पाहिजे. शंका आली तर दुसऱ्या माणसाचे नाव वगळून वाक्य वाचावे. ‘मायसेल्फ अटेंडेड’ हे कानालाच खटकते.

‘एकमेकांना’ या अर्थी ‘देमसेल्व्ज’ वापरू नये. दोघा भावांनी ‘ब्लेम्ड देमसेल्व्ज’ म्हणजे दोघांनी आपापला दोष मानला. ‘ब्लेम्ड ईच अदर’ म्हणजे भांडण झाले. रूपांबद्दल एवढेच, की ‘हिजसेल्फ’ आणि ‘देअरसेल्व्ज’ प्रमाण इंग्रजीत नाहीत, आणि ‘यू’ एकवचनी की अनेकवचनी हे इंग्रजीत एरवी कळत नसले तरी ‘युवरसेल्फ’ आणि ‘युवरसेल्व्ज’ यांत ते दिसते. वर्गाला उद्देशून बोलताना दुसरे रूप वापरावे.

उरली क्रियापदे, आणि ती पाठच करावी लागतात. कन्नडमध्ये क्रियापदाला ‘कोळ्ळु’ जोडून, आणि मराठीत काही ठिकाणी ‘घेणे’ जोडून, क्रिया कर्त्याकडे वळवता येते. इंग्रजीत तशी सोय नसल्याने प्रत्येक क्रियापदाची चाल वेगळी आहे. ‘शेव्ह’, ‘वॉश’, ‘ड्रेस’ यांना सहसा ‘सेल्फ’ लागत नाही. तीन वर्षांच्या मुलीने कोणाच्या मदतीशिवाय कपडे घातले, हे कौतुकाने सांगायचे असेल तर ‘शी ड्रेस्ड हरसेल्फ’ शोभते. ‘कॉन्सन्ट्रेट’ला तो कधीच लावू नये. उलट सहलीत मजा आली हे सांगताना नुसते ‘वुई एन्जॉइड’ अपुरे राहते. ‘वुई एन्जॉइड अवरसेल्व्ज’ किंवा ‘वुई एन्जॉइड द ट्रिप’ असे लिहावे. ‘बाय मायसेल्फ’ म्हणजे एकट्याने किंवा कोणाच्या मदतीशिवाय. पुढच्या मुलाखतीत कामाचा अनुभव सांगताना ‘आय सेट अप द मशीन बाय मायसेल्फ’ असे म्हणालात, तर ते इंग्रजी पूर्ण शुद्ध आहे.