वाचकांचे प्रश्न : १७ वर्षांच्या पोराचा अ‍ॅटिट्यूड स्टँडमधून दिसतो का?

मागच्या अंकात कॅनडातल्या ज्युनिअर आइस हॉकीवर लिहिलं त्यानंतर ढिगाने प्रश्न आले, आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच शब्दाभोवती फिरतायत, अ‍ॅटिट्यूड. पोरगं आळशी आहे, पोरगं शेफारलंय, कॅप्टन बोलतच नाही, वगैरे. म्हणून यावेळी सगळं सदर त्यालाच दिलंय. ज्यांनी मागचा अंक वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की कॅनडियन हॉकी लीग म्हणजे तीन लीग मिळून, ऑन्टारिओची, पश्चिमेकडची आणि क्वेबेकची, साधारण १६ ते २० वयाची पोरं खेळतात, बरीच घरापासून लांब दुसऱ्याच्या घरी राहतात (त्या घराला बिलेट म्हणतात) आणि वर्षाअखेर तिन्ही लीगचे चॅम्पियन आणि एक यजमान टीम मेमोरियल कपसाठी भिडतात.

प्रश्न : आमच्या टीममध्ये १७ वर्षांचा एक विंगर आहे. हात सोन्याचे, पण बचावाला मागे येतच नाही, आणि गोल खाल्ला की बेंचवर येऊन स्टिक आपटतो. ड्राफ्टचं (मोठ्या प्रोफेशनल लीगच्या, म्हणजे एनएचएलच्या टीम नवीन पोरं निवडतात त्याचं) वर्ष आहे म्हणून स्वतःचे पॉइंट (गोल आणि गोलला दिलेले पास) मोजतो असं आम्हा सगळ्या मित्रांचं मत झालंय. अशा पोराला ट्रेड करून (दुसऱ्या टीमला देऊन) टाकलेलं बरं नाही का?

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्यात, आधी त्या सोडवू. स्टिक आपटणं आणि मागे न येणं, यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. स्टिक आपटतो तेव्हा तो बघतो कुणाकडे ते बघा. खाली मान घालून स्वतःशीच चिडलेला असेल तर मला त्यात काही वाईट दिसत नाही, उलट गोल खाल्ल्याचं ज्याला काहीच वाटत नाही त्याची मला जास्त काळजी वाटते. पण आपटून झाल्यावर आपल्याच डिफेन्समनकडे डोळे वटारत असेल, हात पसरून सगळ्या रिंकला दाखवत असेल की चूक माझी नाही, तर मात्र ते टीमच्या मुळावर येणारं आहे आणि कोचने त्याच दिवशी त्याला बाजूला घेऊन बोलायला हवं.

आता मागे न येण्याचं. पुढच्या मॅचला एक करा, मोबाइलवर घड्याळ लावून त्याच्या शिफ्ट (एका दमात बर्फावर किती वेळ असतो ते) मोजा. चांगली शिफ्ट ४०-४५ सेकंदांची असते, पूर्ण ताकदीने खेळलं तर त्याच्यापुढे पाय जड व्हायला लागतात आणि मिनिटाच्या वर गेलं की भलेभले नुसते घसरत राहतात. हात सोन्याचे असलेली पोरं पॉवर प्लेवर (समोरचा खेळाडू पेनल्टीमुळे बाहेर बसलेला असतो तेव्हा) असतात, कोच त्यांना लांब ठेवतो, मग पॉवर प्ले संपता संपता पक उलट्या दिशेला जातो आणि आपल्याला वरून दिसतं काय तर हा पठ्ठ्या मधल्या लाइनवर उभा. तो आळस नाही, संपलेले पाय आहेत. दुसरं म्हणजे काही कोच विंगरला मुद्दाम वरती ठेवतात, लांब पासची वाट बघत, आणि हे आपल्याला स्टँडमध्ये कुणी येऊन सांगत नाही.

हे दोन्ही बाजूला काढूनही तो मागे येत नसेल तर तुमचं बरोबर आहे, मी त्याची बाजू घेणार नाही. पण ड्राफ्टचं वर्ष म्हणजे काय असतं ते एकदा त्याच्या जागी बसून बघा. एनएचएलमध्ये ३२ टीम, ७ राउंड, म्हणजे २२४ नावं, आणि तीही जगभरातून. स्काउट लोक दर मॅचला वर बसलेले, एजंटचा फोन, घरच्यांचा फोन, वर्गातल्या पोरांचे प्रश्न, आणि मधल्या काळात रँकिंगच्या याद्या येत राहतात त्यात कालपर्यंत मागे असलेला पोरगा पुढे गेलेला. अशा वेळी पॉइंट मोजणं हा माज नसतो हो, बऱ्याचदा भीती असते. आणि भीतीवर ट्रेड हा इलाज नाही. ट्रेड म्हणजे जानेवारीच्या आसपास त्याचं बिलेटचं घर बदललं, शाळा बदलली, लाइनमधले (एकत्र खेळणाऱ्या तिघांच्या गटातले) दोन्ही साथीदार बदलले, आणि सवय तीच राहिली. त्यापेक्षा कोचने एक पिरियड (मॅचचे असे तीन भाग असतात) बेंचवर बसवावं आणि तिसऱ्या पिरियडला पुन्हा पहिल्याच लाइनवर पाठवावं, म्हणजे शिक्षाही झाली आणि विश्वासही कळला.

मी स्वतः अशा पोराची एकच गोष्ट बघतो. चूक झाल्यानंतरची पुढची शिफ्ट. पक हरवला, गोल झाला, दोन मिनिटांनी परत आत आला, आता काय करतो? पहिल्यांदा जो पक मिळेल तो कोपऱ्यात जाऊन अंगावर घेतो का, की एकट्याने तिघांना चकवून हिशोब चुकता करायला बघतो? आणि शिफ्ट संपल्यावर बेंचकडे जोरात येतो का रेंगाळत, कारण तो रेंगाळला तर त्याच्या जागी जाणारा साथीदार तेवढे सेकंद उशिरा आत जातो. या दोन गोष्टी दहा मॅच बघा आणि मग मला पुन्हा लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.

प्रश्न : आमचा कॅप्टन २० वर्षांचा आहे पण एकदम गप्प. कधी ओरडताना दिसला नाही. असा कॅप्टन काय कामाचा?

२० वर्षांचे खेळाडू टीममध्ये तीनच ठेवता येतात, त्यामुळे कोचने ती एक जागा त्याच्यावर खर्च केलीये म्हणजे ड्रेसिंग रूममध्ये काहीतरी दिसलं असणार. १६ वर्षांचं नवीन पोरगं पहिल्यांदा घर सोडून आलेलं असतं, त्याला बसमध्ये शेजारी कोण बसवून घेतं, सकाळी प्रॅक्टिसला गाडीतून कोण आणतं, हे आपल्याला दिसत नाही. ओरडणारा कॅप्टन टीव्हीवर छान दिसतो. मला गप्प चालतो, फक्त ब्लॉक करायला पकसमोर पहिला तो पडायला हवा.

प्रश्न : गोल केल्यावर नाचणारी, नेटच्या मागून पक स्टिकवर उचलून गोल टाकणारी हल्लीची पोरं बघवत नाहीत. आधी हे असं नव्हतं. समोरच्याचा मान राखायला शिकवत नाहीत का?

आधीही होतं की. नोव्हेंबर २००३ मध्ये क्वेबेक लीगमधल्या रिमूस्की टीमकडून खेळणाऱ्या १६ वर्षांच्या एका पोराने क्वेबेक रेम्पार्ट्सविरुद्ध नेटच्या मागून पक स्टिकच्या पात्यावर उचलला आणि वरच्या कोपऱ्यात ठेवला. तेव्हाचे टीव्हीवरचे सगळ्यात मोठ्या आवाजाचे समालोचक डॉन चेरी त्याच्यावर जाम चिडले, पोरगं शायनिंग मारतंय, हा समोरच्याचा अपमान आहे असा एकूण सूर होता. त्या पोराचं नाव सिडनी क्रॉस्बी. पुढच्या वीस वर्षांत प्रॅक्टिसला सगळ्यात आधी येणारा, फेसऑफवर (पक टाकून खेळ सुरू होतो त्या झटापटीवर) तासन्‌तास घालणारा म्हणून ज्याचं उदाहरण देतात तोच हा. आणि तीच चाल २०१९ मध्ये आंद्रे स्वेचनिकोवने एनएचएलमध्ये पहिल्यांदा गोलमध्ये बदलली तेव्हा लोकांनी उभं राहून दाद दिली.

म्हणजे सगळं चालतं असं मी म्हणत नाहीये. ७-० ने पुढे असताना समोरच्या बेंचसमोर जाऊन नाचणं मला पण आवडत नाही, पडलेल्या गोलीच्या (गोलकीपरच्या) तोंडावर बर्फ उडवणं तर अजिबातच नाही. पण अवघड गोष्ट करून बघायची हिंमत आणि समोरच्याला खिजवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली आपण पोरांमधून मारून टाकली तर मग बघायला जायचं तरी कशाला?

प्रश्न : जुने खेळाडू सांगतात की आमच्या वेळी रुकीची (टीममधल्या नवीन पोराची) भरपूर खेचायचे, त्यातूनच टीम बांधली जायची, आताची पोरं फार नाजूक आणि लगेच तक्रार करतात. तुमचं मत?

माझं मत स्पष्ट आहे आणि ते मी थोडं रागानेच लिहितोय. २००५ मध्ये ऑन्टारिओ लीगमधल्या विंडसर स्पिटफायर्स टीममध्ये १६ वर्षांचा एक नवीन पोरगा आला, अकीम अलिउ. बसच्या छोट्याशा टॉयलेटमध्ये नवीन पोरांना कपडे काढून कोंबायचा प्रकार चालायचा, त्याने नकार दिला. त्यानंतर प्रॅक्टिसमध्ये वयाने मोठ्या साथीदाराने स्टिक तोंडावर मारून त्याचे दात पाडले. प्रकरण बाहेर आलं, लीगने कोचवर कारवाई केली, अलिउ सडबरीच्या टीमला ट्रेड झाला. आणि शिक्का कुणाला बसला? त्यालाच. अ‍ॅटिट्यूड प्रॉब्लेम असलेला पोरगा. २००७ मध्ये एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये शिकागोने त्याला दुसऱ्या राउंडला घेतलं तरी तो शिक्का त्याच्या मागेच राहिला, आणि २०१९ मध्ये त्याने प्रोफेशनल हॉकीत एका कोचने केलेल्या वंशद्वेषी बोलण्याबद्दल जाहीरपणे सांगितलं तेव्हा कुठे लोकांनी मागे वळून त्याची गोष्ट पुन्हा वाचली.

म्हणून एखाद्या पोराबद्दल 'त्याचा अ‍ॅटिट्यूड खराब आहे म्हणे' असं कानावर आलं की मी आधी विचारतो, म्हणे म्हणजे कोण म्हणतं? रुकीने पक गोळा करणं, बसमधून सामान उतरवणं, पहिल्या मॅचला गंमत म्हणून त्याला एकट्यालाच आधी बर्फावर सोडून बाकीच्यांनी मागे थांबणं, हे सगळं ठीक आहे, पोरं स्वतःच हसतात. त्याच्या अंगाला आणि इज्जतीला हात लावला की तिथे टीम बांधली जात नाही, पोरं गप्प बसायला शिकतात फक्त.

प्रश्न : ज्या टीमने निवडलं तिथे जायचंच नाही म्हणणारे खेळाडू मला गद्दार वाटतात. चूक आहे का माझं?

वाटणं चूक नाही, ज्या गावाची टीम असते त्या गावाला ते लागतंच. १९८९ मध्ये ऑन्टारिओ लीगच्या ड्राफ्टमध्ये (ज्युनिअर लीगचाही वेगळा ड्राफ्ट असतो) सू सेंट मरीच्या टीमने एरिक लिंड्रॉस नावाच्या पोराला पहिल्या नंबरला निवडलं, तो गेला नाही, शेवटी त्याच लीगमधल्या ओशावाला ट्रेड झाला आणि १९९० मध्ये ओशावाने मेमोरियल कप उचलला. सू सेंट मरीच्या लोकांना काय वाटलं असेल ते सांगायला नकोच. पण दुसरी बाजू अशी की १५-१६ वर्षांच्या पोराला आपण कुठे राहणार, कोणत्या शाळेत जाणार हे ठरवायचा हक्क ड्राफ्ट नावाची गोष्ट काढून घेते, आणि टीमला मात्र त्याला पुढे ट्रेड करायची मोकळीक असते. निष्ठा मागायची तर दोन्हीकडून मागायला हवी. शिवाय आता ऑगस्ट २०२५ पासून कॅनडियन हॉकी लीग खेळलेल्या पोरांनाही अमेरिकन कॉलेज हॉकी खेळता येते, आधी ती दारं बंद होती, आणि मेडिसिन हॅट टीमचा गॅव्हिन मॅकेना अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात गेला तो याच नियमामुळे. यापुढे असे निर्णय जास्त दिसणार आहेत, प्रत्येक पोराला गद्दार म्हणत बसलो तर आपणच दमू.

प्रश्न : दादा, मी फॅन नाही, आई आहे. मुलगा १८ वर्षांचा, ज्युनिअर खेळतो, बिलेटकडे राहतो. मागच्या महिन्यात त्याच्या पेनल्टीवर टीम हरली आणि लोकांनी त्याच्याबद्दल जे लिहिलं ते त्याने सगळं वाचलं. आता म्हणतो मला काही फरक पडत नाही. मला ते खरं वाटत नाही. काय करू?

ताई, तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुम्हाला वाटतंय ते बरोबरच असणार, या वयाची पोरं फरक पडत नाही म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा पडलेलाच असतो.

जानेवारी २०१९ मधली गोष्ट सांगतो. व्हँकुव्हरला वर्ल्ड ज्युनिअरची (२० वर्षांखालच्या पोरांच्या जागतिक स्पर्धेची) क्वार्टर फायनल, कॅनडा विरुद्ध फिनलंड. कॅनडा शेवटच्या मिनिटापर्यंत १-० ने पुढे, तिथे फिनलंडने बरोबरी केली. ओव्हरटाइममध्ये कॅनडाला पेनल्टी शॉट (एकट्याने गोलीसमोर जाऊन मारायचा फटका) मिळाला, कॅप्टन मॅक्सिम कोम्तुआने घेतला, गोलीने अडवला. नंतर नोआ डॉबसनसमोर अख्खं नेट मोकळं असताना त्याची स्टिक मोडली आणि पक उलटा जाऊन फिनलंडचा गोल, खेळ खल्लास. त्या रात्री कोम्तुआला सोशल मीडियावर लोकांनी इतक्या घाणेरड्या शिव्या घातल्या की वाचवत नव्हतं, आणि त्याला अजून २० पूर्ण पण झाली नव्हती. नंतर कळलं की तो खांद्याची दुखापत घेऊन खेळत होता. शिव्या देणाऱ्यांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं. आणि फिनलंडने पुढे गोल्ड जिंकलं, म्हणजे समोरची टीम काही ऐरीगैरी नव्हती.

हे तुमच्या मुलाला जमलं तर दाखवा, पण धडा म्हणून नको, नुसतंच, हे बघ असं पण झालं होतं म्हणून. बिलेटच्या काकूंना फोन करून विचारा तो जेवतो का, झोपतो का, रात्री फोन घेऊन बसतो का, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त दिसतं आणि बहुतेक जणी मनापासून सांगतात. टीममध्ये मानसिक आरोग्यासाठी नेमलेलं कुणी आहे का ते कोचला सरळ विचारा, विचारलं म्हणून मुलाचा आइस टाइम कमी होईल ही भीती मनातून काढा, आणि झालाच तर तो कोचचा दोष. सीझन चालू असेपर्यंत फोनमधली ती अ‍ॅप त्यानेच काढून टाकली तर उत्तम, तुम्ही काढायला लावू नका. मॅचनंतर फोन आला तर हॉकीचा विषय त्याने काढला तरच काढा.

आणि ज्यांनी वर गद्दार, आळशी, नाजूक असे शब्द लिहून पाठवलेत त्या सगळ्या वाचकांना विनंती, ताईंचं पत्र एकदा वाचा, म्हणूनच ते शेवटी ठेवलंय.