आजीची वाट आणि काळ्या रानातल्या भेगा

पोरी,

तुझ्या चित्रांचे फोटो पाहिले. थेट मुद्द्यावर येतो. निळ्या चित्राच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगात 'येर', म्हणजे गोंडीत पाणी, असं लिहिलंयस, ते पुसून टाक. खाली एवढा निळा पसरलेला असताना पाणी आहे म्हणून पाटी कशाला? गोंडी तुझ्या आजीच्या तोंडची भाषा आहे. चित्राला जातीचा दाखला जोडल्यासारखी ती वापरू नकोस.

अक्षर चित्रात येऊच नये असं नाही. चित्रकार सय्यद हैदर रझांच्या 1981च्या 'माँ' या चित्रामध्ये देवनागरी ओळ आहे, ती काढली तर चित्र लंगडं पडेल. मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा हा माणूस 1950 मध्ये पॅरिसला गेला आणि परक्या मुलखात बसून तीन दशकांनी ती ओळ लिहिली. तू तर दर सुट्टीला किनवटला जातेस, कानावर तीच भाषा असते. तुला कसली घाई?

दुसरी घाई लोक करतील. गोंड आहेस म्हटल्यावर 'मग ठिपक्यांचे मोर, हरणं का नाही काढत?' असं विचारणारे भेटतील, गॅलरीत तर हमखास. ती रीत मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या परधान गोंडांची, जनगढसिंह श्याम यांनी 1980च्या दशकात कागदा-कॅनव्हासवर आणलेली. काम थोरच आहे, पण पैनगंगेकाठच्या पोरीने ते उसनं घ्यायचं कारण नाही.

बघायचंच तर एमिली कामे उंग्वारे बघ. मध्य ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटी मुलखातली अन्मतियर आदिवासी बाई, 1996 मध्ये गेली. विधीच्या वेळी बायकांच्या अंगावर पट्टे रंगवणारा हात. ॲक्रिलिक धरलं ते पंचाहत्तरी उलटल्यावर. कॅनव्हास जमिनीवर अंथरायचा आणि मांडी घालून बसायचं. 1995चं 'बिग याम ड्रीमिंग' जवळजवळ तीन मीटर बाय आठ मीटर आहे, काळ्यावर नुसतं पांढऱ्या रेषांचं जाळं. त्या रानकंदाच्या मुळ्या, आणि कंद पोसला की वर जमिनीला पडणाऱ्या भेगा. त्यात एकही अक्षर नाही, तरी तिचा मुलूख ओळखू येतो.

भेगा मी तुला काय सांगाव्यात! एप्रिलमध्ये आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या रानात पाय अडकावा एवढ्या पडतात. पण तुझ्या चित्रात त्या सगळ्या सारख्याच जाडीच्या आहेत, भिंतीला गेलेल्या तड्यांसारख्या. पुन्हा जाऊन उकिडवी बस आणि बघ. रुंद भेग आधी पडते, बारक्या नंतर तिला येऊन मिळतात, बऱ्याचदा काटकोनात. पऱ्हाटी उपटलेल्या रानातल्या वेगळ्या, पडीकातल्या वेगळ्या. कडा भुरभुरीत, आत हात घातला तर गार.

मग आजीकडे जा. गाणी-गोष्टी मागू नकोस, त्या सगळेच मागतात. घरापासून नाल्यापर्यंतची वाट सांगायला लाव, गोंडीतच. कुठला मोह, कुणाचा बांध, कुठे वळायचं. ती बोलेल तसा कोळसा चालू दे, कागदाकडे न बघता. ती आठवत थांबली तर कोळसा उचलायचा नाही, तिथेच दाबून धरायचा. नंतर तीच वाट आईकडून ऐक. काही नावं मराठी झालेली असतील, काही गळालेली. दोन्ही कागद शेजारी लाव. तुझ्या पुढच्या चित्रांचा मालमसाला मला तिथे दिसतो, कोपऱ्यातल्या अक्षरात नाही.

मातीच रंग म्हणून वापरायची हौस असेल तर सांभाळून. काळी माती पाण्याने फुगते, वाळली की आकसते. ताणलेल्या कॅनव्हासवर जाड थापलीस तर पोपडे हातात येतील. भिजत घाल, ढवळ, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओत, तळाचे खडे फेक. निवळलेला गाळ वाळवून वस्त्रगाळ कर आणि ॲक्रिलिक मीडियममध्ये कालवून पातळ थर दे, तेही प्लायवर. गेरू एवढा त्रास देत नाही.

आणि फोटो भर उन्हात काढू नकोस. सावलीत, समोरून, शेजारी फूटपट्टी ठेवून काढ. तुझी चित्रं तळहाताएवढी आहेत की दाराएवढी, ते मला अजून कळलेलं नाही.

तुझा,
सर