बॉयलरचा विमा उतरवावा का?

प्रश्न : काका, नमस्कार. मार्चमध्ये आम्ही रेडिंगला जुनं सेमी-डिटॅच्ड घर घेतलं. बॉयलर कॉम्बी आहे, म्हणजे हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही त्यातूनच येतं, २०१६ साली बसवल्याचं आतल्या स्टिकरवर लिहिलंय. आधीच्या मालकांनी त्याचे कसलेच कागद दिले नाहीत. एक कंपनी महिना २२ पौंडांत त्याचा विमा देतेय, शिवाय प्रत्येक दुरुस्तीला ६० पौंड एक्सेस, म्हणजे तेवढे आपल्या खिशातून. नवरा म्हणतो, पैसे पाण्यात. पण डिसेंबरात सांगलीहून सासू-सासरे येताहेत, घरात दोन वर्षांचं बाळ आहे. ऐन थंडीत हीटिंग बंद पडलं तर काय, याची धास्ती वाटते. आणखी एक : माझी मैत्रीण भाड्याने राहते. घरमालक तिला म्हणतोय, बॉयलरचा विमा तूच काढ. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, रेडिंग

उत्तर : मैत्रिणीचं आधी सांगतो, कारण त्यात विचार करण्यासारखं काही नाही. तिने एक पेनीही देऊ नये. इंग्लंडमध्ये नेहमीच्या भाडेकरारात हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा चालू ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे; १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याचं ११ वं कलम तेच सांगतं. गॅसची वार्षिक तपासणी करून तिचा दाखला भाडेकरूला देणंही त्याच्याच माथी. हा दाखला तिच्याकडे आहे का, ते तिला विचारा. नसेल, तर विम्याची गोष्ट काढणाऱ्या मालकाला आधी तो मागायचा.

आता तुमचं. मी हॅरो-वेम्बली भागात बॉयलर दुरुस्त करतो. विमा कंपन्यांची कामंही केली आहेत आणि थेट फोन करणाऱ्या गिऱ्हाइकांचीही. त्यामुळे दोन्हीकडचं बोलतो.

तुमचे वर्षाचे होतात २६४ पौंड. कॉम्बीत नेहमी जे बिघडतं, म्हणजे डायव्हर्टर व्हॉल्व्ह, पंखा, प्रेशरचा सेन्सर, त्यातलं एखादं काम मजुरीसकट दोनशे ते साडेतीनशे पौंडांत होतं. सर्किट बोर्ड गेला तर थोडं जास्त. असा खर्च दर वर्षी येत नाही. दहा वर्षं हप्ते भरले तर २,६४० पौंड होतात. तेवढ्यात साधा कॉम्बी बसवून मिळू शकतो. इथवर तुमच्या मिस्टरांचा हिशेब बरोबर आहे.

पण माझी खरी हरकत पैशांवर नाही, तुमच्या बॉयलरवर आहे. कागद नाहीत, सर्व्हिस कधी झाली ते माहीत नाही, आणि तुम्ही राहता रेडिंगला, जिथलं पाणी चुनखडीचं. बहुतेक पॉलिसींत तीन गोष्टी बारीक अक्षरांत असतात : आधीपासूनचा बिघाड, क्षारांचं किटण आणि रेडिएटरमधला गाळ यांचा खर्च मिळणार नाही. सर्व्हिस न झालेल्या जुन्या बॉयलरमध्ये नेमकं हेच निघतं! रेडिएटर वर गरम आणि खाली गार लागतो का, हात लावून बघा. लागत असेल तर गाळ आहे, आणि तो काढायचे पैसे विमा असूनही तुमच्याच खिशातून जातील. सात किंवा दहा वर्षांवरचा बॉयलर 'दुरुस्तीच्या पलीकडे' गेला, तर नवा न देता थोडीशी रक्कम हातावर ठेवणाऱ्या पॉलिसीही बऱ्याच आहेत. शिवाय पहिले दोन ते चार आठवडे दावाच करता येत नाही. पाहुणे दारात आल्यावर घेतलेला विमा त्या थंडीत कामाचा नाही.

म्हणून तुमच्या जागी मी हा विमा घेणार नाही. आधी बॉयलरची सर्व्हिस करून घ्या, ऑक्टोबर संपायच्या आत. शंभर पौंडांच्या आसपास लागतील. बॉयलर बनवणाऱ्या कंपनीला त्याचा सिरीयल नंबर कळवून वॉरंटी शिल्लक आहे का विचारा. काहींची दहा वर्षांची असते, पण दर वर्षी सर्व्हिस झाली असेल तरच ती टिकते, म्हणून फार आशा धरू नका. मग घरविम्याची पॉलिसी काढून 'होम इमर्जन्सी' हा भाग आहे का पाहा. बऱ्याच जणांनी तो घेतलेला असतो आणि त्यात बॉयलरही असतो. लोक एकाच गोष्टीचे दोनदा पैसे भरत राहतात. ते २२ पौंड दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका.

सासू-सासऱ्यांसाठी तेलाचे दोन इलेक्ट्रिक हीटर आणून ठेवा. ते एक्स्टेन्शनला लावू नका, थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. कॉम्बी बंद पडला की नळाचं गरम पाणीही जातं, मात्र बाथरूममध्ये इलेक्ट्रिक शॉवर असेल तर तो चालू राहतो. नसेल तर किटली आणि बादली. सांगलीच्या माणसांना ते शिकवावं लागणार नाही.

विम्याच्या नावाने धावत येणाऱ्या कितीतरी तक्रारी मुळात बिघाडच नसतात. बॉयलरवरचा प्रेशरचा काटा १ बारच्या खाली गेलेला असतो. फिलिंग लूपने, म्हणजे यंत्रणेत नळाचं पाणी भरायच्या जोडनळीने, तो दीडपर्यंत आणला की बॉयलर पेटतो. पुन्हा पुन्हा पडत असेल तरच माणूस बोलवा. दुसरं, घराबाहेर जाणारी पांढरी प्लॅस्टिकची नळी. कंडेन्सिंग बॉयलरचं पाणी तिच्यातून वाहतं, ते गोठलं की बॉयलर गुडगुड आवाज करून बंद पडतो. २०१० च्या डिसेंबरात तर देशभर हेच झालं होतं. नळीवर कोमट पाणी ओता, उकळतं नको, आणि बॉयलर रीसेट करा. सर्व्हिसला येणाऱ्याला ही नळी दाखवा. बारीक असेल तर जाड बसवून वर फोमचं वेष्टण घालायला सांगा.

विमा कुणालाच नको, असं मात्र मी म्हणत नाही. एकट्या राहणाऱ्या आजी असतील, ओळखीचा इंजिनिअर नसेल, एकदम तीनशे पौंड काढणं जड जात असेल, तर महिन्याचा हप्ता भरून एका फोनवर माणूस येण्याची सोय करणं शहाणपणाचंच. तेव्हा वार्षिक सर्व्हिस धरूनची पॉलिसी घ्यावी आणि तो विमाच आहे की नुसता सर्व्हिसचा करार, हे विचारून घ्यावं. विमा असेल तर तक्रार फायनान्शियल ओम्बड्समनकडे फुकट नेता येते.

गॅसचा वास आला तर मात्र कुठल्याच पॉलिसीचा नंबर शोधू नका. दारं-खिडक्या उघडा, मीटरजवळची तोटी बंद करा, दिव्यांच्या बटणांना हात न लावता बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ फिरवा. ते चोवीस तास येतात आणि गळती थांबवण्याचे पैसे घेत नाहीत.

आणि सर्व्हिसला जो येईल, त्याचं गॅस सेफचं, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत नोंदणीचं, कार्ड उलटं करून बघा. कुठलं काम करायची परवानगी आहे ते मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. मागायला संकोच करू नका, आम्हाला राग येत नाही.