लिपिडला ‘चरबी’ म्हणू नका

सांगलीच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न : ल्युकेमियावरच्या (रक्ताच्या कर्करोगावरच्या) मराठी लेखात ‘लिपिड सिंथेसिस’ला ‘चरबी तयार होणे’ आणि ‘प्रोटीन फॉस्फोरिलेशन’ला ‘प्रथिन सक्रिय होणे’ लिहिले तर चालेल का?

दोन्ही चालणार नाही. ‘चरबी’ फारसीतून आलेला, खाण्यातला शब्द. तो वापरला की सांगली-मिरजेत पुढचा प्रश्न ठरलेला : मग रुग्णाचे तूप बंद करायचे का? लेखातली लिपिडे मात्र पेशी स्वतः घडवते. पायऱ्या अशा : पेशीतल्या सायट्रेटपासून ॲसिटिल-कोए, त्याचे मॅलोनिल-कोए, त्यातून 16 कार्बनांचे पामिटेट हे मेदाम्ल. एकीच्या दोन पेशी व्हायच्या तर पेशीभोवतीचे लिपिडांचे पटलही दुप्पट लागते, त्यासाठी हा खटाटोप.

आणि पटल म्हणजे लेपच! ग्रीक ‘लिपोस’चा अर्थ चरबी हे खरे, पण त्यामागचा मूळ धातू चिकटण्याचा, माखण्याचा. तोच संस्कृतात ‘लिप्’. म्हणजे लेप, लिंपणे, अलिप्त ही सगळी ‘लिपिड’ची भावंडे. कुडाची भिंत लिंपणाऱ्या बाईला हा शब्द परका वाटायचे कारण नाही. त्याला मराठी प्रतिशब्द शोधत बसूच नये, तो घरचाच आहे.

या गोतावळ्यात ‘लिपी’ला मात्र ओढू नका. शाई लिंपतात म्हणून लिपी, ही व्युत्पत्ती कोशांतून पुन्हा पुन्हा छापली जाते आणि ती मला साफ अमान्य आहे. शाहबाजगढीच्या (आजच्या पाकिस्तानातल्या) अशोकलेखात ‘दिपि’ आहे, इराणी सम्राट दारयवहूच्या (डरायसच्या) जुन्या फारसी लेखांतही ‘दिपि’च. शब्द तिकडून आला. ‘लिप्’च्या ओढीने त्याचा ‘ल’ झाला असावा.

राहिले फॉस्फोरिलेशन. कायनेज नावाचे विकर (एन्झाइम) एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूवरचा फॉस्फेट उचलून प्रथिनातल्या सेरिन, थ्रिओनिन किंवा टायरोसिन या अमिनो आम्लांना लावते. फॉस्फेटेज हे दुसरे विकर तो काढते. लावल्यावर प्रथिन चालू होईल की बंद, हे प्रथिनावर आणि जागेवर ठरते. एकेटी या कायनेजने एटीपी-सायट्रेट लायेजला (सायट्रेटपासून ॲसिटिल-कोए करणाऱ्या विकराला) फॉस्फेट लावला की लिपिडनिर्मितीला जोर येतो. एएमपीके या दुसऱ्या कायनेजने ॲसिटिल-कोए कार्बोक्सिलेजला (मॅलोनिल-कोए करणाऱ्या विकराला) लावला की तीच निर्मिती थंडावते. इथे ‘सक्रिय’ लिहिले तर अर्थ उलटा होतो.

तेव्हा ‘फॉस्फेट लावणे’ लिहा, आणि पुढच्याच वाक्यात काय चालू झाले, काय थांबले ते सांगा.