मांजराच्या पिल्लांची नसबंदी कधी करावी: तारीख पाचव्या महिन्याच्या आत धरा

आपल्या प्रश्नातून मला समजले ते असे: घरात एकाच वेतातील दोन गावठी पिल्ले आहेत, एक बोका आणि एक भाटी. दोघेही साधारण 13 आठवड्यांचे असून बोक्याचे वजन 1.4 किलो आणि भाटीचे 1.2 किलो आहे. लसीचा पहिला डोस झाला आहे. जवळच्या पशुवैद्यांनी 8 महिने पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगितले आहे, तर घरातील वडीलधाऱ्यांच्या मते भाटीचे एक वेत झाल्याशिवाय शस्त्रक्रिया करणे योग्य नाही. माझे मत असे आहे की दोघांचीही नसबंदी 17 ते 18 आठवड्यांच्या सुमारास, एकाच दिवशी करून घ्यावी आणि कोणत्याही परिस्थितीत 5 महिन्यांच्या पुढे जाऊ देऊ नये.

या मताचे मुख्य कारण भाटीचा पहिला माज, म्हणजे समागमासाठी तयार होण्याचा काळ, हे आहे. पहिल्या माजाचे वय सर्वसाधारणपणे 5 ते 9 महिन्यांच्या दरम्यान येते, परंतु चांगले खाणेपिणे मिळालेली गावठी भाटी चौथा महिना संपतानाही माजावर येऊ शकते. मांजराचा माज दिवसाच्या उजेडाशी बांधलेला असतो. युरोपातील हिवाळ्यात दिवस फार लहान होतात आणि तेथील भाट्यांचा माज काही महिने थांबतो. आपल्याकडे मुंबईत वर्षातील सर्वांत लहान दिवसही सुमारे 11 तासांचा असतो आणि घरात रात्रीपर्यंत दिवे चालू असतात, त्यामुळे तशा विश्रांतीवर विसंबून राहता येत नाही. बोका भेटला नाही तर माज दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा येतो, आणि बोका भेटला तर समागमामुळेच बीजांडे सुटत असल्याने गाभण राहण्याची शक्यता फार मोठी असते. गर्भ साधारण 63 ते 65 दिवसांचा असतो. पाचव्या महिन्यात गाभण राहिलेली भाटी सातव्या महिन्यात विते, म्हणजे 8 महिन्यांची वाट पाहणाऱ्या घरात शस्त्रक्रियेच्या तारखेपूर्वीच पिल्ले आलेली असतात. आपल्या घरात तर बोका बाहेरून येण्याचीही गरज नाही, कारण मांजरांत भाऊ-बहीण हा विचार नसतो. जिची स्वतःची हाडे अजून वाढत आहेत अशा भाटीवर बाळंतपण लादणे तिच्यासाठी धोक्याचे असते.

पहिला माज अनेकांच्या लक्षात येत नाही, किंवा पिल्लाच्या पोटात दुखत आहे असे वाटून घरचे घाबरतात. पिल्लू जमिनीवर लोळते, अंग घासते, पाठीवर हात फिरवताच पुढचा भाग खाली टेकवून मागचा भाग उचलते, शेपटी एका बाजूला वळवते आणि मागचे पाय जागच्या जागी आळीपाळीने उचलत राहते. रात्रभर लांब, घोगऱ्या आवाजात ओरडणे हेही त्याचेच लक्षण आहे. ताप नसताना आणि खाणे फारसे कमी न होता असे दिसले, तर त्या क्षणापासून दोन्ही पिल्ले वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावीत. माजात असताना गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, त्यामुळे शक्य असल्यास डॉक्टर माज ओसरल्यावर शस्त्रक्रिया करणे पसंत करतात. बाहेरच्या बोक्याशी संबंध येण्याची भीती असेल, तर मात्र अनुभवी डॉक्टर माजातही ती करतात. मधला उपाय म्हणून माज थांबवणाऱ्या गोळ्या किंवा इंजेक्शन देण्यास कोणी सुचवले तर कृपया नकार द्यावा. त्या संप्रेरकांमुळे गर्भाशयात पू होणे, स्तनग्रंथी सुजणे आणि मधुमेह असे गंभीर त्रास होऊ शकतात.

घरच्या मोठ्यांचे म्हणणे मायेपोटी आहे, हे मला मान्य आहे; आई झाल्याने भाटीची प्रकृती सुधारते, ती शांत होते, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले आहे. पण वैद्यकीय पुरावा याच्या नेमका उलट आहे. मांजरांच्या स्तनांतील गाठी बहुतांशी कर्करोगाच्याच निघतात. अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, 6 महिन्यांपूर्वी नसबंदी झालेल्या भाट्यांत या कर्करोगाचा धोका 91 टक्क्यांनी, तर वर्षाच्या आत झालेल्यांत 86 टक्क्यांनी कमी आढळला. त्यानंतर हा लाभ झपाट्याने घटत जातो. वेत होऊ दिल्याने असे कोणतेही संरक्षण मिळत नाही. घरी हा आकडा शांतपणे समजावून सांगितला तर बहुधा विरोध मावळेल, असा माझा अनुभव आहे.

आपल्या डॉक्टरांविषयी मला अनादर नाही. उशिरा नसबंदी करण्याची प्रथा जुनी आहे आणि अनेक चांगले पशुवैद्य आजही तीच पाळतात. तरीही अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या एका तज्ज्ञगटाने 2016 मध्ये 5 महिन्यांपर्यंत नसबंदी करण्याची शिफारस केली, तिला तेथील पशुवैद्यकीय महासंघाने 2017 मध्ये पाठिंबा दिला, आणि ब्रिटनमध्ये घरगुती मांजरांसाठी 4 महिने हे वय सुचवले जाते. लवकर नसबंदी केल्यास बोक्याची मूत्रनलिका अरुंद राहून लघवी अडकते ही भीती फार ऐकू येते, परंतु अभ्यासांत तिला आधार मिळालेला नाही. वाढ खुंटते हेही खरे नाही. उलट हाडांच्या टोकांची वाढ थोडी उशिरा थांबते, त्यामुळे असे मांजर किंचित उंच होऊ शकते. पर्शियनसारख्या जातींत वयात येणे उशिरा होते, तेथे काही आठवडे थांबायला हरकत नाही. गावठी पिल्लांच्या बाबतीत तसे करू नये.

आता तारखेकडे येऊ. लसीचा दुसरा डोस आता देय झाला असेल, रेबीजची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यासोबत किंवा त्यानंतर घ्यावी, आणि तिसरा डोस 16 आठवडे पूर्ण झाल्यावर घ्यावा, कारण आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती तोपर्यंत लसीच्या आड येऊ शकते. पॅनल्युकोपेनिया हा विषाणूजन्य आजार आपल्याकडे पिल्लांचे फार बळी घेतो, आणि दवाखाना ही आजारी मांजरे येण्याची जागा आहे, म्हणून लसी पूर्ण होण्याला मी इतके महत्त्व देते. तिसऱ्या डोसनंतर आठवडाभराने, 17 किंवा 18 आठवड्यांच्या टप्प्यावर, शस्त्रक्रिया ठरवावी. एखाद्याला सर्दी किंवा जुलाब झाले तर पुढे ढकलण्यासाठी तरीही तीन आठवडे हाताशी राहतात. वजन दर आठवड्याला, एकाच वेळी, स्वयंपाकघरातील काट्यावर टोपली ठेवून करावे. या वयात निरोगी पिल्लू आठवड्याला साधारण 100 ग्रॅमने वाढते. शस्त्रक्रियेसाठी 1 किलो हे किमान वजन मानले जाते आणि ते दोघांनीही ओलांडले आहे, पण वजन थांबले किंवा घटले तर आधी त्याचे कारण शोधावे लागेल. पिल्ले रस्त्यावरून आणलेली असतील आणि वय अंदाजाने धरलेले असेल, तर ओठ उचलून समोरचे दात पाहावेत. सुईसारख्या बारीक दुधाच्या दातांच्या जागी रुंद, पांढरे नवे दात फुटू लागले असतील, तर पिल्लू 4 महिन्यांच्या आसपास आहे आणि आपल्या हिशेबातील काही आठवडे आधीच निघून गेले आहेत.

सर्वांत अधिक विचार डॉक्टरांच्या निवडीत करावा. दीड किलोच्या पिल्लांवर आपण नियमित शस्त्रक्रिया करता का, भूल देताना आणि नंतर अंग उबदार ठेवण्याची काय सोय आहे, वेदनाशामक देता का, हे तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर त्याच डॉक्टरांना आग्रह करण्यापेक्षा दुसरे डॉक्टर शोधावेत. "आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा" ही सूचना मोठ्या मांजरांसाठी असते. एवढ्या लहान पिल्लाच्या रक्तातील साखर उपाशीपोटी लवकर उतरते, म्हणून त्याला केवळ 3 ते 4 तास उपाशी ठेवतात. नेमकी वेळ डॉक्टरांकडून लिहून घ्यावी आणि सकाळची पहिली वेळ मागावी. बोक्याची दोन्ही वृषणे पिशवीत उतरली आहेत ना, हेही त्याच भेटीत तपासून घ्यावे. एखादे पोटात राहिले असेल तर शस्त्रक्रियेचे स्वरूपच बदलते.

घरी आल्यावर पिल्लांना उबदार, बंद खोलीत ठेवावे आणि पूर्ण शुद्धीवर येताच थोडे मऊ खाणे द्यावे. बोक्याच्या जखमेला बहुधा टाके नसतात, त्यामुळे काही दिवस रेतीऐवजी कागदाचे तुकडे वापरावेत. भाटीने टाके चाटू नयेत म्हणून साधारण 10 दिवस गळ्यात कॉलर ठेवावी. जखमेवर डेटॉल लावू नये, कारण ते मांजरांसाठी विषारी आहे. माणसांचे पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नये, त्याने मांजर दगावते. हिरड्या पांढऱ्या पडल्या, पिल्लू निपचित पडून राहिले किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही काही खाल्ले नाही, तर सायंकाळची वाट न पाहता त्याच डॉक्टरांकडे न्यावे.

नसबंदीनंतर शरीराला ऊर्जा कमी लागते आणि भूक मात्र वाढते, म्हणून वाटी सतत भरलेली ठेवण्याची सवय त्याच आठवड्यात बंद करून खाणे मोजून देण्यास सुरुवात करावी. काही कारणाने एकाच पिल्लाची शस्त्रक्रिया आधी करावी लागली तर भाटीची करावी. बोक्याची आधी केली तरी त्याच्या शरीरात शिल्लक राहिलेल्या शुक्राणूंमुळे तो पुढील काही आठवडे भाटीला गाभण करू शकतो, आणि तोपर्यंत दोघांना वेगळे ठेवणे लहानशा घरात फार कठीण जाते.