मुंबईतली महापालिकेची शाळा म्हणजे आपल्या झेडपीसारखीच का? चालवतं कोण?

तुम्ही लिहिलंय की उन्हाळ्यात घाटकोपरला भावाकडे कायमचं राहायला चाललो, पोरगी गावच्या झेडपी शाळेत चौथीत आहे, तिले पाचवीला महापालिकेच्या शाळेत टाकावं की कर्ज काढून प्रायव्हेटला. मी यवतमाळ जिल्ह्यात झेडपीचाच मास्तर आहे, दरवर्षी आमच्या वर्गातले दोन-चार पोट्टे मायबापासोबत पुण्या-मुंबईले जातात त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामातला आहे. सरळ सांगतो, महापालिकेच्या शाळेत टाका, कर्ज काढू नका.

आता चालवतं कोण ते. आपल्या इकडे मुख्याध्यापकाच्या वर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत विस्तार अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी, मग जिल्ह्याले शिक्षणाधिकारी आणि सीईओ म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी. शाळा झेडपीची म्हणायची पण मास्तरचा पगार राज्य सरकारकडून येतो, झेडपीची स्वतःची कमाई थोडी, म्हणून साध्या वर्गखोलीच्या दुरुस्तीचा प्रस्ताव सुद्धा कागदं घेऊन वर वर जात राहतो आणि निधी येईपर्यंत पोट्टे व्हरांड्यात बसतात. मुंबईत जी महापालिका टॅक्स गोळा करते तीच शाळा चालवते, शिक्षणाचं बजेटच वेगळं मांडलं जातं, त्याला 'ई' बजेट म्हणतात. गणवेश, बूट, दप्तर, वह्या धरून २७ वस्तू फुकट द्यायची योजना त्यातूनच चालते. शहराचे वॉर्ड पाडलेले आहेत, शाळांचा कारभारही वॉर्डावारच चालतो, आपल्या गटशिक्षणाधिकाऱ्याच्या जागी तिथं प्रशासकीय अधिकारी (शाळा) असतो आणि त्याच्या हाताखाली निरीक्षक. घाटकोपर एन वॉर्डात येतं, काही अडलं तर वॉर्डातल्या त्याच ऑफिसात जायचं, मोठ्या मुख्यालयात चकरा मारायची गरज नाही.

हे असं दोन वाटांनी काऊन झालं त्यालाही इतिहास आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगासमोर निवेदन दिलं की सरकार वरच्या वर्गाच्या शिक्षणावर पैसा घालते आणि तो पैसा येतो शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यातून, प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. सरकारनं सक्ती केली नाही, पण प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या गळ्यात टाकायचं धोरण तेव्हापासून पक्कं झालं. मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्यानं ती जबाबदारी पालिकेवर आली. पुढं विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीनं १९१८ चा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, मुंबईसाठी १९२० ला वेगळा, आणि १९२५ ला एफ आणि जी वॉर्डात, म्हणजे परळ-दादरकडच्या कामगार वस्तीत सक्तीचं शिक्षण सुरू झालं. आपला विदर्भ तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात, इकडे १९४८ नंतर शाळा जनपद सभेकडे, म्हणजे झेडपीच्या आधीच्या स्थानिक संस्थेकडे होत्या, जुन्या माणसांच्या दाखल्यावर तो शिक्का अजून दिसतो. मग आपल्याच पुसदचे वसंतराव नाईक, त्यांच्या समितीच्या अहवालावरून १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि गावच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. म्हणजे तिकडच्या शाळेमागं शहराच्या कराचा पैसा उभा राहिला, आपल्या शाळा सरकारी अनुदानावर राहिल्या. मास्तर दोन्हीकडे डीएड केलेलेच अन् बालभारतीची पुस्तकं तीच.

तिथं गेल्यावर एक गोष्ट नवीन वाटेल. एकाच चार मजली इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू अशा दोन-तीन शाळा भरतात, प्रत्येकीचा मुख्याध्यापक वेगळा, कुठं सकाळ-दुपार पाळी. महापालिका आठ भाषांतून शिकवते, तमिळ-तेलुगू-कन्नड सुद्धा. हल्ली पाटीवर 'मुंबई पब्लिक स्कूल' लिहिलेलं असतं, ती पालिकेचीच शाळा, प्रायव्हेट समजून परत फिरू नका. काही शाळांत सीबीएसई आहे पण तिथं लॉटरी लागते. माझं मत विचाराल तर पोरीले मराठी माध्यमातच ठेवा, सेमी इंग्रजी असलेली शाळा पाहा, पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात टाकलेलं हुशार पोरगं वर्गात गप्प गप्प होऊन जाते, लय वाईट वाटते ते पाहून. मात्र तिकडे मराठीच्या वर्गांचा पट घटत चाललाय, त्यामुळे भावाले आधीच पाठवून जवळच्या शाळेत मराठीची पाचवी भरते का आणि वर्ग सातवी-आठवीपर्यंत आहेत का हे बघायला सांगा.

ॲडमिशनची काळजी करू नका. आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्यानं शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाही. तरी दाखल्यावर पोरीचं नाव, जन्मतारीख आणि स्टुडंट आयडी आधारशी जुळवून घ्या, आईचं नाव सुद्धा. आणि आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, मुंबईत त्याच्या आठवडा-दोन आठवडे आधी घंटा होते, त्यामुळे इकडची शाळा उघडायची वाट पाहू नका, निकालाच्या दिवशीच मुख्याध्यापकाकडून दाखला मागून घ्या.